राष्ट्रीय उद्यानासाठी स्वयंसेवकांनी नेमके काय करावे? (मुलुंडच्या बाजूने)

उत्तरा_मुलुंड

नमस्कार.

गेली एकोणीस वर्षे मी मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून असलेल्या एका वसाहतीत राहते. बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या चौदा जणांच्या गटात महिनाभर एकच विषय चालू आहे. मागच्या फाटकावरील कॅमेऱ्यात पहाटे सव्वातीन वाजता एक बिबट्या कुंपणाच्या भिंतीवरून चालत जाताना दिसला आणि ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर पोहोचली. अर्ध्या रहिवाशांनी पिंजरा लावण्याची मागणी केली. उरलेल्यांपैकी काहींनी "आपणच त्यांच्या घरात घुसलो आहोत" असे म्हणून विषय मिटवला. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण पहिल्यात प्राण्याचा विचार नाही आणि दुसऱ्यात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या पहारेकऱ्याचा नाही.

उद्यानाला मदत करणारा एक लहानसा गट आपण उभा करावा, असे आमच्यापैकी काहींच्या मनात आहे. मात्र असे गट प्रत्यक्षात काय काम करतात, हे विचारले की वृक्षारोपण, स्वच्छता आणि जनजागृती हे तीनच शब्द ऐकू येतात. त्यांपैकी कोणत्या कामाचा उद्यानाला खरोखर उपयोग होतो आणि कोणते काम केवळ आपल्या समाधानासाठी होते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. एका रहिवाशाच्या कंपनीने पाचशे रोपे देण्याची तयारी दाखवली असून येत्या पावसाळ्यात ती डोंगरावर लावावीत, असा प्रस्ताव आहे. तो स्वीकारावा का? आमच्यातील बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

---

सह्यवाट

उत्तराताई, प्रस्ताव आलेला आहे आणि पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आधी रोपांविषयी सांगतो. ती रोपे डोंगरावर लावू नका.

हे उत्तर अनेकांना आवडत नाही, हे मी २०१२ पासून पाहतो आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात झाडे आपली आपण उगवतात. त्यांना वणवा, कुऱ्हाड आणि अतिक्रमण यांपासून संरक्षण हवे असते, खड्डे खणणारे हात नव्हे. आपल्याला जो उतार उजाड दिसतो, तो बहुतेक वेळा उजाड नसतो. कारवी या झुडपाचेच उदाहरण घ्या. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. २००८, २०१६ आणि २०२४ अशी तिच्या फुलोऱ्याची वर्षे आपण पाहिली. फुलोऱ्यानंतर सबंध उतारावर नुसत्या वाळक्या काटक्या उभ्या राहतात आणि त्या पाहून कोणीतरी हमखास म्हणते की येथे काहीच उरलेले नाही, येथे झाडे लावू. प्रत्यक्षात त्या काटक्यांखाली पुढच्या पिढीचे बी पडलेले असते आणि आपण फावडे घेऊन नेमके त्यावरच उभे राहतो. शिवाय राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय एकही रोप लावता येत नाही आणि कंपन्यांकडून येणाऱ्या रोपांत गुलमोहर व तत्सम परदेशी शोभेची झाडेच अधिक असतात. कंपनीला रोपे द्यायचीच असतील, तर करंज, बहावा, कदंब अशी देशी झाडे मागून घ्या आणि ती वसाहतीच्या आवारात लावा. तेथे त्यांना उन्हाळ्यात पाणी घालणारे कोणी तरी असेल.

आता बिबट्याकडे येतो, कारण तुमच्या गटाचे खरे काम तेथेच आहे.

२००२ ते २००४ हा काळ ज्यांनी उद्यानाच्या कडेला काढला आहे, त्यांना त्या दिवसांची आठवण नकोशी वाटते. माणसांवरील हल्ले तेव्हा फार वाढले होते आणि बिबट्या दिसला की पकडा, असाच उपाय सर्वांना सुचत होता. त्याच सुमारास राज्यात इतरत्र पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात होते. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट वाढतो, हे पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून पुढे आले. त्या निष्कर्षावर आधारलेला उपक्रम २०११ मध्ये बोरिवलीत सुरू झाला. उद्यानाचे तत्कालीन प्रमुख सुनील लिमये, अभ्यासक आणि शहरातील सामान्य स्वयंसेवक यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या नावाने तो चालवला. पकडण्यावरचा भर काढून लोकांशी बोलण्यावर आणावयाचा, हे त्यामागचे सूत्र होते. स्वयंसेवकांनी जंगलात काय केले असे कोणी विचारले, तर मी म्हणेन की त्यांनी बहुतेक काम जंगलाबाहेर केले: वसाहतींच्या सभागृहांत, शाळांत, पोलीस ठाण्यांत आणि वार्ताहरांसोबत.

अशा एका सभेचे वर्णन करतो, म्हणजे कल्पना येईल. ठाण्याच्या बाजूच्या एका वसाहतीत वाहनतळावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि साठेक माणसे जमली होती. पहिली वीस मिनिटे आम्ही काहीही बोललो नाही. लोकांना बोलू दिले. एका आजोबांनी पिंजऱ्याची मागणी केली. एका बाईंचा मुलगा संध्याकाळी सातच्या शिकवणीहून एकटा परत येत असे आणि त्यांचा आवाज बोलताना कापत होता. त्यांच्या भीतीवर आकडेवारी फेकणे मूर्खपणाचे ठरले असते. त्यानंतर आम्ही सर्वांना घेऊन कुंपणाच्या कडेने फेरी मारली. मागच्या भिंतीपाशी कोंबडी विकणाऱ्या दुकानाचा कचरा पडलेला होता, त्यावर सात-आठ कुत्री होती आणि तेथील दोन्ही दिवे बंद होते. कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. आजोबाच म्हणाले, "आपण तर त्याला ताट वाढून ठेवले आहे."

बिबट्याच्या विष्ठेच्या अभ्यासातून येथे त्याच्या आहारात चितळ-सांबरांबरोबर कुत्र्यांचाही मोठा वाटा असल्याचे दिसले आहे. कचरा हटला की कुत्री पांगतात आणि कुत्री पांगली की बिबट्याला भिंतीपाशी रेंगाळण्याचे कारण उरत नाही. तो नाहीसा होणार नाही, हेही सभेत स्पष्टपणे सांगावे लागते. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले आणि २०१८ मध्ये ४७. यांपैकी कित्येक रोज रात्री कोणाच्या ना कोणाच्या भिंतीजवळून जात असणार. तुमच्या कॅमेऱ्याने त्यांतला एक टिपला, इतकेच. पिंजरा लावून तो नेला, तर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येईल आणि नव्याला तुमच्या वसाहतीची सवय नसेल.

चौदा जणांच्या गटाला एवढे काम दोन वर्षे पुरेल. साठीचे वय येथे उपयोगीच पडते. आमच्या गटातील तरुण बोलत, तेव्हा सभेतील ज्येष्ठ मंडळी घड्याळ पाहत असत.

---

दहिसरकाठी

सह्यवाट यांच्याशी सहमत आहे, परंतु स्वच्छतेचे काम त्यांनी चर्चेत घेतलेलेच नाही, म्हणून माझी भर.

दहिसर नदी तुळशी तलावाजवळ उगम पावते आणि उद्यानातून वाहत खाली येते. आत पावसाळ्यानंतर तिच्या तळाचे गोटे दिसतात. बाहेर पडून वस्तीतून काही अंतर गेल्यावर तीच नदी ओळखू येत नाही. आम्ही काही मित्र सलग सहा वर्षे दर रविवारी उद्यानातील ओढ्यांकाठचा कचरा वेचत होतो. किती पोती भरली याची छायाचित्रे आमच्याकडे आहेत. पुढच्या रविवारी तितकाच कचरा पुन्हा असे. एका वनरक्षकाने अखेरीस विचारले, "साहेब, हे सगळे फाटकातून आत येते, मग तुम्ही फाटकावर का उभे राहत नाही?" आम्हाला सहा वर्षांत हे सुचले नव्हते, याची लाज वाटली.

तेव्हापासून गर्दीच्या दिवशी आम्ही प्रवेशद्वारावर असतो. कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्यांची महाशिवरात्रीला मोठी रीघ लागते. पहाटेपासून आम्ही पिशव्या तपासण्यास वनकर्मचाऱ्यांना मदत करतो, पाण्याच्या बाटल्यांची नोंद ठेवतो, फरसाणाची पाकिटे काढून कागदी पिशवीत ओतून देतो. भाविकांपैकी कोणी चिडते, कोणी देवाच्या कामात अडथळा आणल्याचे सुनावते. तरीही संध्याकाळी वेचायची पोती पूर्वीच्या तुलनेत फारच कमी भरतात. माकडांना शेंगदाणे घालणाऱ्यांशी होणारा वाद मात्र आजही आम्ही हरतो.

---

तुळसा_व

मी येथे सहसा लिहीत नाही. माझे माहेर उद्यानाच्या आतील एका पाड्यावरचे आहे आणि आम्ही वारली आहोत, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

वर वसाहतींविषयी सविस्तर लिहिले आहे. पाड्यांविषयी एक ओळही आलेली नाही. स्वयंसेवकांचे गट आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा चादरी, वह्या किंवा दिवाळीचा फराळ घेऊन येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी नाकारत नाही. पण मी लहान असताना आमच्या घरी वीज नव्हती, शौचालय नव्हते आणि अंधार पडल्यावर लहान मुले झुडपाआड बसत. उभ्या माणसापेक्षा बसलेले मूल बिबट्याला सावजासारखे दिसते. आमच्या शेजारच्या घरातील मुलीच्या बाबतीत जे घडले, ते मी येथे लिहिणार नाही. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांपैकी प्रत्येकाने आम्हाला बिबट्याबरोबर कसे राहावे ते समजावून सांगितले. माझी आजी शांतपणे ऐकून घेत असे. आमच्यात वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते, त्याला नैवेद्य दाखवला जातो आणि गुरे-माणसे सांभाळ असे मागणे मागितले जाते. वाघोबाबरोबर राहायचे असते ही गोष्ट आजीला शिकवण्याची गरज नव्हती. तिला हवा होता तो दिवा.

एक गट मात्र निराळा निघाला. त्या मंडळींनी पहिल्या भेटीत काहीच आणले नाही आणि कोणाला काय हवे ते विचारून वहीत लिहून घेतले. पुढे त्यांनी सौरदिव्यांसाठी आणि शौचालयांसाठी अर्ज लिहून दिले, कार्यालयांत आमच्या बायकांबरोबर स्वतः रांगेत उभे राहिले आणि पाचव्या-सहाव्या खेपेलाही कंटाळले नाहीत. कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, पोच कशी मागायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. माझा धाकटा भाऊ आज निसर्गभ्रमंतीसाठी येणाऱ्यांना वाट दाखवतो. त्याला इंग्रजीत पक्ष्यांची नावे त्याच गटातील एका काकांनी शिकवली आणि त्या काकांना आमच्या भाषेतील नावे त्याने. जंगलात येणाऱ्या गटांनी पाड्यावरच्या माणसांना मदत घेणारे म्हणून न पाहता वाटाडे म्हणून कामावर घ्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत, असे माझे मत आहे.

उत्तराताई, तुमच्या वसाहतीत धुणीभांडी करायला येणाऱ्या बायकांपैकी काही डोंगरावरच्या पाड्यांतून उतरून येत असतील. सभा घ्याल तेव्हा त्यांनाही बोलवा. पहाटे साडेपाचला त्या वाटेने एकट्या चालणाऱ्या त्याच आहेत.

---

उत्तरा_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. तुळसाताई, आपला प्रतिसाद मी गटातील सर्वांना वाचून दाखवला. आमच्याकडे काम करणाऱ्या चार जणी खरोखर वरच्या पाड्यांतून येतात आणि इतक्या वर्षांत त्यांना त्या वाटेविषयी आम्ही एकदाही विचारले नव्हते.

रोपांचा प्रस्ताव आवारापुरता स्वीकारला असून पाचशेऐवजी साठ रोपे मागितली आहेत. आता दोन शंका उरतात. गटाची नोंदणी करावी लागते का, आणि आमच्यापैकी जे तीन-चार जण अजून डोंगर चढू शकतात, त्यांना प्रत्यक्ष जंगलातील काही काम मिळू शकते का? एका सदस्याने स्वतःच्या खर्चाने डोंगरावर कॅमेरा लावण्याची तयारी दाखवली आहे.

---

सह्यवाट

कॅमेऱ्याचा विचार ताबडतोब सोडून द्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करणे हाच गुन्हा आहे. तेथे कॅमेरा बांधणे तर दूरच. आणखी एक विनंती, बिबट्याची चित्रफीत जागेच्या नावासह पुढे पाठवू नका. दुसऱ्या रात्री बॅटऱ्या घेऊन पन्नास बघे येतात आणि घाबरलेला प्राणी भर वस्तीत शिरतो. बिबट्या विहिरीत, जिन्यात किंवा वाहनतळात अडकलेला दिसला, तर लोकांना दूर ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आमच्या गटाने केलेल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी एक म्हणजे बचाव पथक येईपर्यंत जमावाला दोरीच्या मागे थोपवणे. त्यात शौर्य काहीच नाही. दोन तास लोकांची बोलणी खावी लागतात.

नोंदणीविषयी: संस्था स्थापन करण्याची घाई करू नका. संस्था झाली की अध्यक्ष होतो आणि अध्यक्ष झाला की भांडण होते. (अनुभवाचे बोल आहेत.) आपल्या बाजूच्या वनक्षेत्रपालांना गटातील सदस्यांची नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडून साधा अर्ज द्या, काय करू शकतो आणि आठवड्यातील किती तास देऊ शकतो ते त्यात प्रामाणिकपणे लिहा. पहिल्या अर्जाला उत्तर येईलच असे नाही. आमचा अर्ज एका कार्यालयात चार महिने पडून होता आणि मग नेमका वणव्यांच्या दिवसांत माणसे कमी पडू लागल्यावर फोन आला.

डोंगर चढू शकणाऱ्यांसाठी कामे आहेत, पण ती वनरक्षकांच्या सोबतीने आणि त्यांच्या सांगण्यानुसारच करायची असतात. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की जाळरेषा काढल्या जातात. म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून ठरावीक रुंदीचा पट्टा कापून, जाळून मोकळा केला जातो. कापलेले गवत ओढून बाजूला करण्यास हात लागतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची संधी वनविभाग काही वेळा देतो. लोकांना तेच काम सर्वांत आकर्षक वाटते. माझ्या मते त्या रात्रीचा लाभ बसणाऱ्यालाच अधिक होतो. ज्याची खरी निकड आहे आणि ज्यासाठी कोणी रांग लावत नाही, ते काम शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधण्याचे.

गेल्या हिवाळ्यातील एका फेरीविषयी लिहितो. आम्ही सहा जण आणि दोन वनरक्षक, एकमेकांपासून चार-पाच पावलांवर, एका ओळीत उतारावरून चाललो होतो. दीड तासात काहीच मिळाले नव्हते आणि माझ्या शेजारचा मुलगा फुलपाखरांकडे पाहू लागला होता. पुढच्या वनरक्षकाने हात वर केला आणि सगळे थांबले. त्याने दाखवूनही मला काही दिसेना. मग त्याने काठीच्या टोकाने गवत बाजूला सारले, तेव्हा जमिनीपासून वीतभर उंचीवर मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे वेटोळे दिसले. एक टोक खोडाला पक्के बांधलेले, दोन्ही बाजूंना काट्या रोवून वाट नेमकी तेवढीच अरुंद केलेली. भेकर किंवा रानडुक्कर त्या वाटेने पाण्याकडे जाणार, हे लावणाऱ्याला ठाऊक होते. अशा तारेत बिबट्याही अडकतो आणि सुटण्याच्या धडपडीत ती त्याच्या पोटात रुतत जाते. वनरक्षकाने आधी जागेची नोंद केली, छायाचित्र काढले आणि मग तार कापली. त्या दिवशी त्याच वाटेवर आणखी तीन फासे निघाले. आम्हा सहा जणांना मिळून त्यांतला एकही आपणहून दिसला नाही. चारही त्या दोघांनीच शोधले. तुमच्या तिघा-चौघांनी पहिल्या वर्षी याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. आठ जणांची ओळ दोघांच्या ओळीपेक्षा रुंद पट्टा तुडवते, इतका उपयोग आपला होतो.

---

उत्तरा_मुलुंड

अडीच महिन्यांनी लिहिते आहे. चौदांपैकी सहा जण टिकलो आहोत. परवाच्या रविवारी वसाहतीत सभा झाली आणि पाड्यावरून येणाऱ्या चौघींपैकी दोघी आल्या. त्यांतील एकीने सांगितले की वाटेतील वळणावर वसाहतीच्या दिव्याचा उजेड पूर्वी पडत असे, पण दोन वर्षांपूर्वी दिवे बदलताना त्याची दिशा आत वळवली गेली आणि तेव्हापासून त्या वळणावर त्या गाणे म्हणत चालतात. देखभाल समितीच्या सचिवांनी सोमवारी विद्युत कामगार बोलावून तो दिवा पुन्हा बाहेरच्या बाजूला वळवून घेतला.

मागच्या भिंतीलगतचा मासळीचा कचरा अजून बंद झालेला नाही. टाकणारा आमच्याच इमारतीतला आहे आणि तो सभेला आला नव्हता. वनक्षेत्रपालांकडे अर्ज दिला असून पोच घेतली आहे. साठ रोपांपैकी बावन्न जगली आहेत.